टिंब

डिसेंबरात हडर्सफील्डला चारलाच अंधार पडतो.
हार्ग्रीव्ह वकीलबाईंचा निरोप आला:
तडजोड झाली. रेकॉर्डिंग कायमची नष्ट करा,
सोबतच्या फॉर्मवर सही करून ड्राइव्ह परत पाठवा.

अकरा फायली. निवडल्या, डिलीट दाबलं,
गेल्या.
पेनड्राइव्ह मात्र म्हणतो, जागा नाही.
पंगत उठली तरी पानं भरलेलीच.

लायब्ररीतल्या दुरुस्तीच्या टेबलावर
ॲल्विन नावाच्या निवृत्त बसड्रायव्हरने
माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं
तेव्हा एवढंच शिकवलं होतं:
लपलेलं बघायचं तर कंट्रोल आणि एच.
दाबलं.
एक फोल्डर उगवलं, नावाआधी टिंब,
मग ट्रॅश, मग एक हजार.
एक हजार म्हणजे मी, या यंत्रावरचं पहिलं माणूस.
आत अकराच्या अकरा,
आणि शेजारी चिठ्ठ्या: कुठून उचलली, कधी टाकली,
सेकंदासकट.

टिंबाचं मला नवल वाटू नये.
शाळेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांत
नाहीं, कांहीं, गांव, पांच,
डोक्यावर न उच्चारायची टिंबं असत.
मी ती हौसेने वहीत उतरवली
आणि बाईंनी लाल शाईने एकेक खोडलं,
नियम आलाय म्हणाल्या.
ही बाई (नाव सांगत नाही, तेही करारात आहे)
गुहागरकडची,
केअर होममध्ये रात्रपाळ्या, सात महिने अर्धा पगार,
ती नाकातून म्हणायची, नाहीं.
तिच्यापर्यंत नियम पोचलाच नव्हता.
मी इंग्रजीत लिहिलं: नो.

सातव्या फायलीत चाळीस सेकंद ती बोलतच नाही.
किटली उकळते, खट्कन बंद होते.
मी कंसात लिहिलं, विराम.
मग ती म्हणते, एक पुसूं का तुमाला?
चहा सांडला होता, मला वाटलं टेबल पुसायचंय.
ह्यें सगलं मंग ऱ्हातं कुटं?
दुभाष्याने उत्तर द्यायचं नसतं.
मी प्रश्न पलीकडे दिला,
पलीकडून आलेलं अलीकडे ठेवलं:
सुरक्षित.

टर्मिनल उघडलं. आरएम, पुढे आय,
म्हणजे तो फायलीगणिक विचारणार.
पहिली. काढू? वाय.
दुसरी. काढू? वाय.
पुसायच्या आधी पुसायचं असतं
हे याला कुणी शिकवलं असेल?
सहावी. वाय.
सातवी.
उठून किटलीत पाणी भरून आले.
वाय.

मग शून्यं. सगळ्या ड्राइव्हभर शून्यं लिहायची,
कारण एरवी काढलं म्हणजे
दारावरची पाटी काढली, एवढंच.
आत माणसं राहतातच.
अठ्ठावीस मिनिटं लागली. ड्राइव्ह मुठीत धरवेना.
तरी फ्लॅशचा भरवसा नाही, ॲल्विन म्हणाला होता,
चिप आपल्या मर्जीने एखादा कोपरा राखून ठेवते,
तिथवर हात जात नाही आपला. हातोडी घे.
हातोडी शेजाऱ्यांची, ड्राइव्ह वकिलांचा.

फॉर्मवर चौकोन होता: कायमचे नष्ट केले.
खूण केली. खाली जागा नव्हती,
तिथे बारीक अक्षरात लिहिलं,
माझ्या माहितीप्रमाणे.

नव्याने फॉरमॅट करताना तो ड्राइव्हचं नाव विचारतो,
सोळा बाइटांत मावेल असं.
मी रितें लिहिलं.
र, वेलांटी, त, मात्रा, टिंब.
एकेकाला तीन, पंधरा झाले.
एक उरला.